दोष कारखान्याचा, दक्षता मालकाची

मोटारीची पारख हा विषय नगरकरांना परका नाही. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, जिला सारे 'व्हीआरडीई' म्हणून ओळखतात, ती अहिल्यानगरातच आहे. नवे वाहन बाजारात आणण्यापूर्वी कारखानदाराला त्याचा नमुना ज्या मोजक्या संस्थांपैकी एकीकडून तपासून घ्यावा लागतो, त्या संस्थांच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील यादीत या संस्थेचे नाव आहे. असे असूनही, 'तुमच्या गाडीतील एखादा भाग सदोष ठरल्यामुळे कंपनीने ती परत बोलावली आहे काय?' असा प्रश्न याच शहरातील दहा मोटारमालकांना विचारला, तर खात्रीने उत्तर देणारे कितीसे निघतील? हे अज्ञान निरुपद्रवी असते, तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

तपासणी होते ती नमुन्याची. कारखान्यातून पुढे बाहेर पडतात त्या हजारो गाड्या, आणि त्यांतील एकेक सुटा भाग निरनिराळ्या पुरवठादारांकडून आलेला असतो. नमुना निर्दोष असला तरी एखाद्या महिन्याच्या उत्पादनात खोट राहू शकते. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने आपल्या १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या सुमारे पाच आठवड्यांत त्या तयार झाल्या होत्या आणि त्यांच्या एअरबॅगच्या नियंत्रकात दोष असण्याचा संभव होता. तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नये, असे कंपनीने सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये याच कंपनीने एस-प्रेसो व ईको या दोन प्रकारच्या ८७,५९९ गाड्या बोलावल्या. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा एक भाग क्वचित प्रसंगी तुटू शकतो, असे त्यामागील कारण होते. ईको ही खेड्यापाड्यांत शाळेची मुले आणि प्रवासी वाहून नेणारी गाडी आहे. करंजी घाटाच्या वळणावर टाय रॉड तुटणे म्हणजे काय, हे पाथर्डीच्या रस्त्याने जाणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

गाडी परत बोलावणे, म्हणजे 'रिकॉल', याविषयी आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. कंपनीने गाडी बोलावली म्हणजे ती गाडीच वाईट, हा पहिला. आणि गाडी नीट चालते आहे तर जायचे कशाला, हा दुसरा. वस्तुतः दोष जाहीर करणारा कारखानदार तो लपविणाऱ्यापेक्षा पुष्कळ बरा. आणि असे दोष बहुधा रोजच्या वापरात दिसत नाहीत. एअरबॅग बिघडलेली आहे हे ज्या क्षणी कळते, त्या क्षणी ते कळून उपयोग नसतो.

कारखानदारांना या बाबतीत सौजन्य आपोआप सुचलेले नाही. अमेरिकेत राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील पुस्तकाने मोटार कंपन्यांच्या बेफिकिरीवर बोट ठेवले आणि पुढच्याच वर्षी तेथे वाहन सुरक्षिततेचा कायदा झाला. आपल्याकडे २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने एक संहिता स्वीकारली. सक्ती आली ती २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम ११० अ मुळे. तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांना अपाय होईल असा दोष आढळल्यास गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. कारखानदाराने गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी किंवा तिची किंमत परत करावी, अशी तरतूद आहे. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे.

कायदा झाला, परंतु त्याची सारी मदार शेवटी एका पत्रावर किंवा दूरध्वनीवर असते, आणि तो निरोप जातो नोंदीतल्या मालकाकडे. येथेच साखळी तुटते. अकोल्याहून जामखेडला बदली झालेल्या शिक्षकाचा पत्ता जुनाच राहतो. पुण्यामुंबईची सेकंडहँड गाडी आपल्याकडे येते, पैसे चुकते होतात, किल्ली हाती पडते. पण 'नावावर करून घेऊ सवडीने' म्हणता म्हणता वर्ष उलटते. कंपनीचा निरोप पहिल्या मालकाला मिळतो आणि तो गाडी विकून मोकळा झालेला असतो. पत्ता बदलल्याचे ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि खरेदीदारानेही मालकीबदल ३० दिवसांत नोंदवावा, असे कायदा सांगतो. आपण त्याकडे कटकट म्हणून पाहतो. पण धोक्याचा इशारा आपल्या दारापर्यंत येण्याची वाट तीच आहे.

मग मालकाने करावे काय? आरसी बुकावरील सतरा अंक-अक्षरांचा चासी क्रमांक पाहून तो कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे. घरात विद्यार्थी असेल तर हे काम त्याने पाच मिनिटांत करून द्यावे. सेकंडहँड गाडी घेताना तर व्यवहारापूर्वीच ही चौकशी करावी. गाडी यादीत असल्यास वेळ ठरवून न्यावी. या कामाचा खर्च कंपनीचा असतो; कोणी पैसे मागितल्यास ती मागणी लेखी घ्यावी. भाग शिल्लक नसेल तर तो कधी येणार हेही लेखी घ्यावे. गाडी चालवू नका असा इशारा असेल, तर ती नेण्याची व्यवस्था कंपनीकडे मागावी. 'एवढी एक खेप' असे म्हणून रस्त्यावर काढू नये. काम झाल्याचा कागद आरसी बुकासोबत जपावा.

दाद न मिळाल्यास ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मालक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूदही त्यात आहे. ज्या दोषाबद्दल कंपनी मौन बाळगते, तो केंद्र सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर नोंदवावा. ठराविक संख्येने मालकांच्या तक्रारी आल्या की चौकशीचे चक्र फिरते. तेव्हा एकट्याची तक्रारही वाया जात नाही.

तथापि सगळा भार मालकावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. सक्तीच्या रिकॉलचा नियम सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरताच आहे. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांचा अनुभव मात्र उलट आहे. त्यांतील अमोनियम नायट्रेट उष्णता व दमटपणा यांमुळे वर्षानुवर्षे बिघडत जाई आणि अखेर स्फोट होऊन धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत. जगभर कोट्यवधी गाड्या बोलवाव्या लागल्या, भारतातही होंडासह अनेक कंपन्यांनी त्या बोलावल्या, आणि २०१७ मध्ये टाकाटाचे दिवाळे वाजले. दोष वयाबरोबर वाढत असताना संरक्षण वयाबरोबर संपावे, हे उफराटे आहे. जुन्या गाड्या वापरतो तो मध्यमवर्गीय. नियमाबाहेर राहतो तोही तोच. ही वयोमर्यादा सुरक्षिततेच्या दोषांपुरती तरी उठविली पाहिजे.

दुसरी सूचना याहून सोपी आहे. अहिल्यानगर व श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयांत मालकीबदलाचा अर्ज येतो, प्रवासी वाहने योग्यता प्रमाणपत्रासाठी येतात. विम्याचे नूतनीकरण दरवर्षी होते. या प्रत्येक ठिकाणी चासी क्रमांक पाहिला जातोच. त्याच वेळी प्रलंबित रिकॉलची यादी पाहून मालकाला तोंडी सांगणे आणि कागदावर शिक्का मारणे अवघड नाही. जर्मनीत डिझेल घोटाळ्यानंतर दुरुस्ती टाळणाऱ्या गाड्यांना रस्त्यावर येण्यास बंदी करण्यापर्यंत मजल गेली. आपण निदान शाळेची मुले नेणाऱ्या वाहनांपासून तरी सुरुवात करावी.

नमुना पारखणे संस्थेचे काम, दोष कबूल करणे कारखानदाराचे आणि निरोप पोहोचविण्याची व्यवस्था सरकारची. या तिघांनी आपापले काम चोख केले तरी शेवटचे पाऊल मालकालाच टाकावे लागते. ते न टाकल्यास त्याची किंमत मात्र तो एकटा देत नाही. मागच्या सीटवर बसलेली मुलेही देतात.