सर्पगंधा, गुग्गुळ आणि चिनी लाल तांदूळ

ब्लड प्रेशर आणि कोलेस्ट्रॉलवर 'चिनी जडीबुटी' सध्या आपल्या मोहोपाड्याकडे बरीच खपते आहे. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेर पाकीटवाले उभे असतात. कुणी नात्यातल्या माणसाकडून घेतो, कुणाला शेजारीण देते. "हजारो वर्षांचे औषध आहे, साइड इफेक्ट नाही," एवढे ऐकले की आपला माणूस खिशात हात घालतो. वाचकांपैकी तिघांनी मला विचारले, "हे घ्यावे का?" मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेला कारकून आहे. पण औषधाची परीक्षा कशी घेतात हा बराचसा हिशेबाचाच प्रश्न आहे, म्हणून हे लिहितो.

झाडपाल्यात काही नसते असे म्हणणारे लोकही चूकच बोलतात. रक्तदाबावरचे जगातले एक पहिले मोठे औषध आपल्याच मुळीतून निघाले आणि त्याची परीक्षा आपल्याच परळच्या के.ई.एम.मध्ये झाली. ही हकीकत आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

सर्पगंधा नावाचे एक लहान झुडूप आहे. साप चावला, झोप येत नाही, डोके फिरले, की त्याची मुळी देण्याची रीत जुनी. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या डॉक्टरांनी लिहिले की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतली रसायने वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले. पण हे सारे आपल्या देशातल्या मासिकांत राहिले. बाहेर कुणी लक्ष दिले नाही.

मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. के.ई.एम.मधले हृदयरोगाचे डॉक्टर. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ही मुळी देऊन प्रत्येकाचे आकडे मांडले आणि १९४९ साली तो लेख इंग्लंडच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आणला. 'माझ्या आजोबांना गुण आला' असे त्यात नव्हते. इतके रुग्ण, आधी दाब किती, नंतर किती, त्रास काय झाला, हे होते. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हा लेख वाचून आपल्या रुग्णांवर मुळी वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून 'रेसरपिन' हे मुख्य द्रव्य काढले. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 'अडेल्फेन'ची गोळी आठवत असेल. तिच्यात हेच रेसरपिन होते.

आता याची दुसरी बाजू. रेसरपिन नसांच्या टोकाशी साठलेली, रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्ये रिकामी करते. दाब उतरतो तो त्यामुळे. पण तीच द्रव्ये मेंदूतही असतात. म्हणून नाक चोंदणे, नाडी मंद होणे आणि काही रुग्णांना खोल उदासी असे त्रास दिसले. हे कळले कसे? तर डॉक्टरांनी लिहून ठेवले म्हणून. पुढे त्याहून सोयीच्या गोळ्या आल्या आणि रेसरपिन मागे पडले. 'झाडाचे आहे, अपाय नाही' असे म्हणणाऱ्याला एवढे एकच उदाहरण पुरे. जे औषध काम करते ते शरीरात काहीतरी बदलते, आणि बदलते म्हटल्यावर अपायही करू शकते.

गुग्गुळाचे उलटे झाले. सुश्रुत संहितेत मेदरोगावर गुग्गुळ सांगितला आहे, ते धरून १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले. सशांचे कोलेस्ट्रॉल उतरले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने पुढे काम केले, १९८० च्या दशकात गुग्गुळाचे औषध मंजूरही झाले. मग अमेरिकेत १०३ लोकांवर आठ आठवडे परीक्षा झाली, तिचा निकाल २००३ साली आला. काहींना गुग्गुळ, काहींना हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. पोकळ गोळीवाल्यांचे वाईट कोलेस्ट्रॉल सुमारे ५ टक्के उतरले आणि गुग्गुळवाल्यांचे तितकेच चढले. काहींच्या अंगावर पुरळ उठले ते वेगळे.

पोकळ गोळीने कोलेस्ट्रॉल कसे उतरले, असे कुणी विचारील. परीक्षेत नाव घातले की माणूस तेल-तूप जपून खातो, वेळेवर जेवतो. रक्तदाब तर त्याहून चंचल. तिसरी पाळी करून जिना चढून आलात तर वेगळा, पाच मिनिटे बसलात तर वेगळा. म्हणून पाकीटवाल्याकडचे 'आधी १६०, नंतर १४०' हे आकडे खरे असले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. नफा औषधाचा की विश्रांतीचा, हे शेजारी दुसरे खाते उघडल्याशिवाय समजत नाही. ती पोकळ गोळी म्हणजे ते दुसरे खाते.

आता चिनी औषध. यात खरेच दम असलेली एक वस्तू आहे, 'लाल यीस्टचा तांदूळ'. शिजवलेल्या भातावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवतात, भात लाल होतो. चीनमध्ये तो शेकडो वर्षे खाण्यात आणि औषधात आहे. १९७९ साली जपानच्या अकिरा एंदो यांनी या बुरशीच्या एका जातीतून 'मोनॅकोलिन के' काढले. अमेरिकेत १९८७ साली कोलेस्ट्रॉलवर मंजूर झालेली 'लोव्हास्टॅटिन' ती हीच. चीनमध्ये या तांदळाच्या अर्काची हृदयविकाराच्या सुमारे ४,८७० रुग्णांवर परीक्षा झाली, तिचा निकाल २००८ साली छापून आला. अर्क घेणाऱ्यांत हृदयविकाराचे नवे झटके बरेच कमी आले.

म्हणजे घ्यावे? थांबा. ज्याला डॉक्टरांनी आधीच स्टॅटिनची गोळी दिली आहे त्याने हा तांदूळ वर घेतला तर तो तेच औषध दोनदा घेतो. स्नायू दुखणे, लिव्हरला त्रास हे धोके मग वाढतात. गरोदर बाईने तर हात लावू नये. शिवाय पाकिटात मोनॅकोलिन किती हे पाकिटावरून कळत नाही. २०२४ साली जपानमध्ये कोबायाशी या कंपनीच्या लाल यीस्टच्या गोळ्यांत दुसऱ्या बुरशीचे विष शिरले. किडनीच्या त्रासाने शेकडो लोकांना दवाखान्यात जावे लागले. जपानसारख्या देशात, नाव असलेल्या कारखान्यात हे झाले. आपल्या गेटबाहेरच्या पाकिटावर तर कारखान्याचा पत्ताही नसतो.

आमच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचे सांगतो. वय ५४. बीपीची गोळी रोज घेत असे, दाब ताब्यात होता. ताब्यात आहे म्हणून त्याला वाटले की आजार गेला. गोळी बंद करून त्याने चूर्ण सुरू केले. चार महिन्यांनी उजवी बाजू गेली. चूर्णात विष होते असे कुणी म्हटले नाही. गोळी बंद झाली होती, एवढेच. आज त्याची बायको दोन घरची धुणीभांडी करते आणि धाकट्या मुलीने बारावीनंतर शिक्षण सोडले. बीपी दुखत नाही, खुपत नाही. गोळी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

एक कायदाही माहीत असू द्या. १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. ज्या आजारांवर खात्रीच्या इलाजाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्यांच्या यादीत रक्तदाब आहे. 'बीपी मुळापासून बरा' असे छापणारा माणूस कायदा मोडतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. कागद मी लिहून देईन.

आणि ज्यांना घरचा उपायच हवा त्यांच्यासाठी मिठाचे पाहा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, याहून कमी मीठ पोटात जावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटात सुकट, खारे बोंबील, लोणचे, पापड, वर भातावर मीठ. सुके मासे सोडा असे मी म्हणणार नाही, मलाही सुटत नाहीत. ते भिजवून दोन पाणी काढून करा आणि त्या दिवशी लोणचे-पापड नको.

येत्या रविवारी सकाळी विहारात बीपी तपासणी आहे. येण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. आल्यावर पाच मिनिटे पाठ टेकून बसा, दंडावर घट्ट बाही नको, मोजताना बोलू नका. आकडा वहीत लिहून घ्या. एकाच आकड्यावर घाबरू नका, दोन-तीन वेगळ्या दिवशी १४० किंवा ९० च्या वर दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गोळ्या चालू असतील तर त्या दिवशीही घेऊनच या. आणि जे काही चूर्ण, कॅप्सूल, काढा घेत असाल त्याचे पाकीट बरोबर आणा. डॉक्टर रागावणार नाहीत, तसे मी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवले आहे.