पाणी बांध ओळखत नाही



शेतीची चर्चा आपल्याकडे पावसापासून सुरू होते आणि बाजारभावापाशी संपते. मधल्या मधे जमीन राहून जाते. म्हणून यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग तिच्यासाठी राखून ठेवला आहे.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे या सहकाऱ्यासह 1910 साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या खोऱ्यात कालवा येऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. 1917 साली त्याच मानसाहेबांचं पिंपळे सौदागर गावावरचं पुस्तक आलं. त्या गावात 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली जमीनधारणा 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती, तीही विखुरलेल्या तुकड्यांत. एक अभ्यास मातीचा, दुसरा मालकीचा. आज कृष्णाकाठच्या उसात हे दोन्ही प्रश्न एकाच शेतात भेटतात.

काळ्या, चिकण मातीत पाणी हळू मुरतं. त्यात पाटाचं मोकाट पाणी मिळालं की भूजल वर सरकतं. दोन-तीन फुटांचा खड्डा घ्यावा तर तळाला पाणी लागतं. उन्हाने ते वर ओढलं जातं, उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. सरीच्या माथ्यावर पांढरा थर दिसतो, उसाची उगवण विरळ होते, फुटवे धरत नाहीत. जमीन चोपण झाली असेल तर जिप्सम घालावंच लागतं. पण सुटलेले क्षार वाहून जायला वाट नसेल तर तो खर्चही मातीतच जातो.

वाट काढता येते. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइप जमिनीखाली टाकून शेतकऱ्यांनी पांढरी पडलेली रानं पुन्हा लागवडीखाली आणली. पण पाइपांचं पाणी नाल्याला मिळतं ते खालच्याच्या रानातून. तिथे सातबाऱ्यावर दहा नावं, त्यातली चार मुंबईत, दोन कोर्टात. वाट्याने कसणाऱ्याची तर गोष्टच वेगळी: पुढच्या वर्षी रान आपल्याकडे राहील की नाही हे ठाऊक नसताना तो पाइपात पैसा का घालेल?

आमचं म्हणणं एवढंच, की निचऱ्याचं अनुदान गटागटाला वाटण्याआधी गावनकाशावर निचऱ्याचा मार्ग नोंदवावा, शिवाररस्त्याइतक्याच अधिकाराने. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याला शेताचे तुकडे पडणं थांबवता आलं नाही. पण मालकी वेगवेगळी राहिली तरी चर एक असू शकतो, आणि त्यासाठी कुणाचाही सातबारा बदलावा लागत नाही. नाल्याच्या तोंडापासून वरपर्यंत सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं लागतं. दिवाळीला गावी आलेली मंडळी पाडव्यापर्यंत असतात; ही बैठक उरकायला याहून बरा मुहूर्त नाही.



– संपादक