हापसा कुणाच्या दारात?



मिशनवाल्यांनी कुठं पाणी दिलं की दोन प्रकारचे लोक लगेच तोंड उघडतात. एक म्हणतो, पाणी पाजून बाटवतात साले. दुसरा म्हणतो, केवढी हो दयाळू माणसं! दोघांनाही मला उत्तर द्यायचंय. कारण तहानलेल्याला दोघंही काही विचारत नाहीत.

पहिल्याचं आधी उरकू. बाबा रे, अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरात आलं. त्याच्या आधी शेकडो वर्षं तू इथंच होतास. विहीरही इथंच होती. मग पोहरा आमच्या हातात का नाही दिलास? आमची आजी-पणजी काठाला घागर ठेवून उभी राहायची, कुणाला दया येईल म्हणून. घागरभर पाण्यासाठी कुणी धर्म सोडला असेल तर लाज त्याला नाही, पाणी अडवणाऱ्याला वाटली पाहिजे. आणि येशूकडं गेलेल्या आमच्या भावाची जात तरी कुठं सुटली? गावाच्या लेखी तो महारच राहिला, मांगच राहिला. सरकारच्या 1950 च्या आदेशाप्रमाणं मात्र ख्रिस्ती झाला की तो अनुसूचित जातीत बसत नाही. म्हणजे विहिरीवर जात आहे, सवलतीच्या कागदावर जात नाही. वा रे न्याय!

आता दुसऱ्याकडं वळू.

आपण ज्याला हापसा म्हणतो त्याचं मूळ आपल्याच मुलखात आहे. जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या बोअर प्रकल्पात मजबूत पोलादी पंप तयार झाला. सोलापुरात तो सुधारला. 1970 नंतरच्या वर्षांत सरकारनं आणि युनिसेफनं त्यावरून इंडिया मार्क टू काढला आणि तो देशभर गेला. दुष्काळात या पंपानं माणसं जगवली. हे मी नाकारत नाही. नाकारीन तर कृतघ्न ठरेन.

पण मी गिरणी कामगार आहे. मशीन कुणी दिलं यापेक्षा खटका कुणाच्या हातात आहे, हे मला आधी दिसतं.

आमच्याकडच्या एका गावात एका संस्थेनं हापसा दिला. संस्थेचं नाव घेत नाही, कारण अशा कैक आहेत. हापसा कुठं बसवला? देवळासमोर. का? तर गावच्या पुढाऱ्यांनी जागा दाखवली. ओट्यावर देणगीदारांची फरशी लागली. आमच्या पोरांना ओंजळ धरायला लावून फोटो काढला. पाहुण्यांची गाडी वेशीबाहेर गेली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बायका लाईनीत शेवटी. पाणी भरून झालं की ओटा धुऊन घ्यायची दुसऱ्यांची पद्धतही चालूच. परदेशच्या अहवालात एक हापसा वाढला. आमच्या वाट्याला काय वाढलं?

बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. 20 मार्च 1927 ला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं सगळ्यांचं आहे हे सिद्ध करायला. 1932 साली गांधीजींच्या प्रेरणेनं अस्पृश्यता निवारणाचा संघ निघाला, तेव्हा त्यांनी ठक्करांना पत्र लिहून बजावलं की आधी नागरी हक्काची मोहीम काढा. गावची विहीर, शाळा, चावडी उघडी करा. संघ भूतदयेच्या वाटेनं गेला, बाबासाहेब बाजूला झाले. भूतदया मुंगीला साखर घालते. माणसाला साखर नको, सातबारा पाहिजे!

आता एक वेगळं उदाहरण देतो. नाहीतर म्हणाल, हा नुसता शिव्या देतो.

जामखेड. आपल्याच जिल्ह्यातला कोरडाठाक तालुका. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती नवरा-बायको तिथं आले. दवाखाना काढला. अंगठेबहाद्दर बायकांना, त्यात आमच्याही बायकांना, आरोग्याचं काम शिकवलं. दुष्काळ पडला, बोअर घ्यायची वेळ आली. तेव्हा त्यांनी बोअर दलित वस्तीत घ्यायचं धोरण ठेवलं. पाणी पाहिजे? मग या वस्तीत. धरा आमच्या बरोबरीनं लाईन. पाणी तेच, पंप तोच. फक्त जागा बदलली आणि गावाचे पाय उलट्या दिशेला वळले. हे डोकं किती संस्थांना सुचलं?

पण इथंही टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ज्याच्याकडं पैसा आला त्यानं स्वतःच्या मळ्यात बोअर मारला, मोटर बसवली. त्याला वस्तीत यायची गरज उरली नाही. मार्क टू साधारण 45 मीटरवरून पाणी ओढतो. शेजारचा बोअर त्याच्या कितीतरी खाली गेला की हापशाच्या दांडीला नुसता खडखडाट. वस्तीखालचं पाणी वस्तीला न विचारता उसाला गेलं. आणि 2014 साली याच जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, आमचं सतरा वर्षांचं पोरगं मारून टाकलं. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. एका पाणवठ्यावर पाणी भरलं म्हणून जात बुडत नाही, दोस्तहो. तिला पोहता येतं.

संडासाचंही तेच. संस्था संडास मोजतात, सरकारही मोजतं. टाकी भरल्यावर आत कोण उतरणार, हे कोण मोजतं? नेवासा तालुक्यात वडाळ्याला मिशनचं जुनं ठाणं. त्याच तालुक्यात सोनईजवळ 1 जानेवारी 2013 ला तीन मेहतर तरुणांचा खून झाला. बोलावून नेलं ते संडासाची टाकी साफ करायची म्हणून. खरं कारण सवर्ण मुलीवरचं प्रेम. 2018 साली नाशिकच्या कोर्टानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. टाकी साफ करायला बोलावलं तर मेहतराचं पोर येणारच, हे मारणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ही खात्री त्यांना कुणी दिली? स्वच्छतेच्या कुठल्या अहवालात ही खात्री मोडायचा खर्च धरलाय?

म्हणून देणाऱ्यांना आमचं रोखठोक सांगणं आहे. चर्च असो, ट्रस्ट असो, सरकार असो. जागा वस्तीत धरा. पाणी कमिटीत वस्तीच्या बाया निम्म्या घ्या, आणि पान्ह्याची पेटी व दुरुस्तीचं शिक्षण त्यांच्याच हातात द्या. आजूबाजूच्या खोल बोअरला आडकाठी घाला. संडास बांधाल तर टाकी उपसायच्या यंत्राचा पैसा आधी बाजूला काढा. हे जमत नसेल तर देणगीची फरशी तरी लावू नका.

आणि आपल्या लोकांना सांगणं वेगळं आहे. हात जोडून पाणी पिऊ नका. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहीर आहे, तळं आहे, घाट आहे. 2024 साली जिल्ह्याला चौंडीच्या लेकीचं, अहिल्यादेवींचं नाव मिळालं. तिनं देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. नाव लावणाऱ्यांना गावोगाव विचारा, पाणवठ्यावर आमची लाईन अजून शेवटी का? उत्तर मिळेपर्यंत दांडी सोडू नका.

जयभीम!