सवय होईल म्हणे!

इथे सगळे आपल्या इंदूरच्या आठवणी लिहितात, रामबाग, सराफा, राजवाडा. माझ्याही पुष्कळ आहेत. पण आज मी भांडायला बसले आहे, रागावलात तरी चालेल.

गेल्या आठवड्यात एका मंडळातल्या मुलाचा फोन आला. "काकू, यंदा आपण चाळीस कॅलिपर वाटतोय. तुमच्या हस्ते देऊ, स्टेजवर या." मी विचारलं, "वाटल्यावर फिटिंग कोण बघणार?" तर म्हणे, "माप घेऊनच बनवतात ना काकू!" मी येणार नाही म्हणून सांगितलं. बिचारा हिरमुसला.

मला पोलिओ झाला १९६३ साली, दोन वर्षांची असताना. तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर. दोन लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याला कडी, खाली बूट. पहिला कॅलिपर टोचायचा तेव्हा आई म्हणायची, "सवय होईल गं." शाळेत बाई म्हणाल्या, सवय होईल. सासरी तेच. साडी जरा खाली नेसायची म्हणजे दिसत नाही, हेही शिकवलं. पंगतीला मी भिंतीशी, खुर्चीवर. सवय झाली सुद्धा, मांडीवरच्या घट्ट्याची, कंबरेच्या दुखण्याची, आणि दर पावसाळ्यात एकदा तरी पडण्याची.

मागच्या वर्षी असाच एका शिबिरात नवा कॅलिपर मिळाला. (कुठलं ते विचारू नका, माणसं भली होती.) रांगेत दोन मिनिटांत माप, चार महिन्यांनी वाटप, हार, फोटो. पंधरा दिवसांत मांडीला जखम झाली. विचारायला गेले तर शिबिर उठलेलं! घरचे काय म्हणाले ते सांगायला नकोच.

शेवटी भाचीनं एका ऑर्थोटिस्टकडे नेलं. ही शिकलेली माणसं असतात, भारतीय पुनर्वास परिषदेत त्यांची नोंद असते. त्या मुलानं आधी कॅलिपरला हातच लावला नाही. मला चालायला लावलं, समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, मग बसवलं. म्हणाला, "आंटी, आपका घुटना यहाँ मुड़ता है और इसका जोड़ दो उंगल नीचे है।" म्हणून बसताना मांडीचा पट्टा सरकायचा आणि कातडी सोलायची. घोट्याचा अडसर असा लावलेला की पंजा खाली झुकलेला. त्यामुळे नडगी मागे ढकलली जायची आणि तोल सांभाळायला मी कंबरेतून पुढे वाकायचे. साठ वर्षं मला वाटत होतं, माझी चालच तशी! बुटाची उंची पण जास्त होती, ती अर्धा इंच घटवली. तीनदा बोलावलं. दर वेळी थोडं काढायचा, थोडं वाकवायचा, पुन्हा चालवायचा. आता मी भाजीवाल्यापर्यंत न थांबता जाते. नवीन काही घेतलं नाही हो, तोच कॅलिपर!

माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे. सवय. चष्म्याचा नंबर चुकला तर तुम्ही सवय होईल म्हणता का? दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडता. मग पायाच्या बाबतीतच आम्ही का सोसायचं? वजन वाढतं, स्नायू आणखी थकतात, चामडं सैल होतं, चांगला पाय सुद्धा म्हातारा होतो. कॅलिपर दर काही महिन्यांनी दाखवायला हवा. हे देणाऱ्याला माहीत नाही आणि घेणारा लाजेनं बोलत नाही, कारण फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार करायची नाही असं आपलं वळण.

२०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. फार आनंद झाला मला, खरंच. पण आम्ही मुक्त झालो नाही ना! आम्ही इथेच आहोत, जुन्या गल्ल्यांत, पहिल्या मजल्यावर.

मंडळींनो, चाळीसऐवजी दहा द्या. उरलेल्या पैशांत ऑर्थोटिस्टला वर्षातून चार रविवार बसवा, चालायला दहा पावलं जागा ठेवा. स्टेज नको, बॅनर नको. आणि घरात कुणी "टोचतंय" म्हटलं तर आधी तो पट्टा उघडून कातडी बघा.

परवा त्या मुलाचा पुन्हा फोन आला, किती कमी करायचे विचारत होता. मी म्हटलं, आधी गेल्या वर्षी ज्यांना दिले त्यांच्या घरी जा, आणि माळ्यावर किती पडलेत ते मोजून ये.