‘फिका’ ह्या शब्दाविषयीं

आमटींत मीठ कमी पडलें कीं ती फिकी झाली असें आपण म्हणतों व लागलीच चिमूटभर मीठ मागतों. पेणच्या खाडीकांठीं मिठागरें पाहत वाढलेल्यांस ह्या शब्दाचा हा अर्थ शिकवावा लागत नाहीं. परंतु तोच शब्द माणसाच्या चेहऱ्यास लागू झाला म्हणजे आपण काय करतों?

‘फिकट’ व ‘फिका’ हे शब्द एकमेकांच्या जागीं घातलेले निबंध मला दरवर्षीं तपासावे लागतात. फिकट हा रंगाचा एक प्रकार आहे. साडी फिकट निळी असली म्हणून तिच्यांत कांहीं उणें नसतें. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या अंगास फिकट गुलाबी रंग देतात, तो कारागिराच्या मर्जीनें. उन्हानें रंग गेला तर कापड विटलें म्हणावें. भयानें चेहरा पांढरा फटक होतो, पण भय सरलें कीं रंग परततो. ‘फिका’ शब्दांत मात्र उणीव आहे. जें असावयास पाहिजे तें तेथें नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं रोह्याकडील एक मुलगी माझ्या वर्गांत होती. जिना चढतांना तिला धाप लागे. दुपारच्या तासास ती बांकावर डोकें टेकी. मीं तिला आळशी ठरविलें व दोनदां वर्गांत उभें केलें. इतर सारे मात्र “किती गोरी पोर!” म्हणून तिचें कौतुक करीत. पुढें आरोग्यतपासणीस आलेल्या डॉक्टरीणबाईंनीं तिची खालची पापणी ओढून आंतील बाजू पाहिली. ती कागदासारखी पांढरी होती. रक्तांत लोह फारच कमी होतें. तो गोरेपणा नव्हता, पांडुरोग होता. मला शब्द येत होता, पण तो ओळखतां आला नाहीं.

जुन्या लोकांस तो ओळखतां येई. चरकसंहितेंत पांडुरोगाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यावर लोहाचीं औषधें सांगितलीं आहेत. युरोपांत तरुण मुलींच्या ह्याच दुखण्यास, त्वचेवरील हिरवट छटेवरून, ‘क्लोरोसिस’ म्हणत. त्याच्या मुळाशीं असलेला ग्रीक शब्द प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायांत मृत्यूच्या घोड्याच्या रंगास लावलेला आहे. आणि आपण त्याच रंगास उजळ म्हणतों! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. इतक्या घरांत कोणासच हा फिकेपणा दिसूं नये, ह्याचें कारण दारिद्र्याइतकेंच आपलें गोऱ्या रंगाचें वेडही आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

शाळेंत आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतें म्हणून मुली खिडकीबाहेर टाकतात, हें मला ठाऊक आहे. ती जेवणानंतर घ्यावी, म्हणजे त्रास कमी होतो. तिच्यावर लागलीच चहा मात्र पिऊं नये, चहा लोहास अडवितो. अनवाणी हिंडण्यानें होणारे अंकुशकृमीही रक्त शोषतात, तेव्हां चपला घालाव्या.

त्या मुलीनें गोळ्या नेमानें घेतल्या. चार महिन्यांनीं ती जिना धांवत चढूं लागली आणि चांगली सांवळी दिसूं लागली. तेव्हां तिची आजी मला भेटावयास आली. “मास्तर,” ती चिंतेनें म्हणाली, “पोरीचा रंग कशानं वो गेला?”