बिऱ्हाड हलताना

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस खर्चाचा अंदाज द्यायला आला, तेव्हा त्यानं घरभर फिरून सगळं लिहून घेतलं. कपाटं दोन, फ्रिज एक, पलंग दोन, भांड्यांचे खोके सहा, पुस्तकांचे नऊ. सासूबाईंचा देव्हारा पाहून ‘हा तुम्ही हातातच न्या’ म्हणाला. निघताना त्यानं दारात विचारलं, ‘‘आणखी काही?’’ आमचा धाकटा म्हणाला, ‘‘मनी.’’ मनी त्या वेळी फ्रिजवर बसून हा सगळा प्रकार पाहत होती. तो माणूस हसला, ‘‘तिचे पैसे नाहीत,’’ म्हणाला आणि सही घेऊन गेला.

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत १९७४ सालची. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. पुनर्विकासाचा विषय निघाल्यापासून करारावर सह्या होईपर्यंत अडीच वर्षं गेली. चटईक्षेत्र, कॉर्पस, दरमहाचं भाडं, सामान हलवण्याचा खर्च, गाडीची जागा यांवर सभांमागून सभा झाल्या. एका सभेचे पावणेदोन तास तर निव्वळ ओट्याच्या लांबीवर गेले, आणि त्यात मीही हिरिरीनं बोलले होते, हे कबूल केलं पाहिजे. मुलांचे सवंगडी सोळा दिशांना जाणार, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गेटजवळ झोपणाऱ्या काळ्या कुत्र्याचं काय, असं तळमजल्यावरच्या आजींनी एकदा विचारलं होतं. सभा हसली आणि पुढचा विषय घेतला गेला.

आज ठाणं, मुलुंड, पार्ले, कोथरूड, कुठेही गेलात तरी रस्त्याच्या कडेला पत्र्यांची कुंपणं दिसतात. प्रत्येक कुंपणाआडून पंधरा-वीस कुटुंबं भाड्याच्या घरांत पांगलेली असतात. आणि भाड्याचं घर म्हटलं की अकरा महिने आलेच. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्यानं सक्तीची केली, ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लावली, तरी सवय गेली नाही. शाळेचं वर्ष मात्र बारा महिन्यांचं. आम्ही मे महिन्यात हललो. मालकानं करार वाढवला नाही, तर पुढचं बिऱ्हाड एप्रिलमध्ये आणि त्यापुढचं मार्चमध्ये. जूनमध्ये नववीत जाणारी मुलगी बोटं मोजून म्हणाली, ‘‘म्हणजे माझ्या दहावीच्या पेपरांच्या वेळी.’’ आम्हा मोठ्यांपैकी कोणीही हा हिशेब केला नव्हता.

आमच्या समोरचं कुटुंब बदलापूरला गेलं. तिथल्या शाळेनं दाखला येईपर्यंत सहावीतल्या मुलाला वर्गात बसू दिलं नाही. सोळा दिवस तो घरी होता. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंतच्या मुलांसाठी स्पष्ट लिहिलं आहे, की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्याच्या आईवडिलांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नंतर कळलं.

आता मनीची गोष्ट. घर शोधताना दलालाचा पहिला प्रश्न ‘फॅमिली किती?’ आणि दुसरा ‘कुत्रं-मांजर?’ तीन घरं त्या दुसऱ्या प्रश्नावर हातची गेली. चौथं पाचपाखाडीत मिळालं, मुलांच्या शाळेजवळ. तिथे आम्ही ‘नाही’ म्हणून सांगितलं. मुलं शेजारीच उभी होती. घरी आल्यावर मी त्यांना समजावलं, की मालक आले तर मनीला न्हाणीघरात ठेवायचं आणि सोसायटीत कोणाला काही बोलायचं नाही. मुलगी माझ्याकडे नुसती पाहत राहिली. खोटं बोलू नये, हे तिला पहिलीपासून मीच शिकवत आले होते.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, अगदी बहुमतानं ठराव केला तरी नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण भाड्यानं घर देणाऱ्या मालकानं दारातच ‘नको’ म्हटलं, तर भाडेकरू काय करणार? तो खोटं बोलतो, नाहीतर मांजर सोडून देतो.

हलण्याच्या दिवशी मनीला झाकणाच्या टोपलीत घालून रिक्षातून नेलं. नव्या घरात ती दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नाहीशी झाली. जाळी लावायची म्हणजे मालकाला विचारावं लागलं असतं, म्हणून आम्ही ती लावली नव्हती. आणि आता शोधायचं म्हटलं तरी कोणाला विचारायची सोय नव्हती. दोन दिवस मुलं इमारतीभोवती दबक्या आवाजात ‘मनी, मनी’ करत फिरली. तिसऱ्या दिवशी धाकटा सरळ वॉचमनकडे गेला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘‘आमची मांजर हरवली आहे.’’ गुपित तिथेच संपलं.

माझ्या आजोळी कोकणात, चोरटं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडत आणि आठ दिवसांनी ते चुलीपाशी हजर असे. ते आठवलं आणि आम्ही नौपाड्यात गेलो. पत्र्यांच्या आत भंगारवाल्यांनी दारं-खिडक्या कधीच काढून नेल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर, जिथे आमचं दार होतं त्या उंबऱ्यावर मनी बसली होती. आत भिंतींना खिळे तेवढे शिल्लक होते. धाकट्यानं तिला उचललं, तेव्हा ती ओरडली नाही की नखं काढली नाहीत. इमारत पाडायचं काम पुढच्या सोमवारी सुरू व्हायचं होतं.

नंतर प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आधी विचारायला हवं होतं. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. नव्या घरात पहिले दोन-तीन आठवडे तिला एकाच खोलीत ठेवायचं, तिचं जुनं अंथरूण न धुता द्यायचं, खाण्याची ताटली आणि वेळ बदलायची नाही. घर लावण्याची घाई आपल्याला असते, तिला नसते. (आमच्या घरी त्या दोन-तीन आठवड्यांत मुलांचे खोके मात्र सगळ्यांत शेवटी उघडले गेले. तेही उलटंच झालं.) मालकांना वॉचमनकडून कळलं. फोनवर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘जाळी तुमच्या खर्चानं लावून घ्या.’’

मनी मिळाली. काळ्याचं तसं नाही. पाळलेला प्राणी सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि पहिल्या खेपेचा दंड त्यात दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे. पण काळ्याला मालकच नाही, म्हणजे त्याला कोणी सोडलं असंही म्हणता येत नाही. सोळा घरांच्या पोळ्यांवर तो अकरा वर्षं जगला. अशा प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था रहिवासी संघटनेनं करावी, असं २०२३ चे नियम म्हणतात. पण रहिवासीच तीन वर्षांसाठी पांगले, तर ती कोणी करायची, याचा विचार करारात आम्ही करायला हवा होता. वकिलांनी तयार केलेल्या त्या जाडजूड दस्तात एक कलम वाढलं असतं, एवढंच.

मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला, की बांधकामावरच्या वॉचमनला महिन्याला थोडे पैसे देऊ, तो काळ्याचं पाहील. सोळांपैकी सहाजणांनी होकार दिला, दोघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. रविवारी धाकटा आणि मी पोळ्या घेऊन जातो. काळ्या आता पलीकडच्या फुटपाथवर, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली बसतो आणि गेटसमोर थांबणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे मान वर करून पाहतो.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. काळ्याचा विषय मी सचिवांना लेखी दिला. ते म्हणाले, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.