एका दिवसाच्या मुलाला दार उघडा

कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, घरगुती पाळणाघरे नवी नाहीत. चाळीच्या खोलीत नाहीतर वन-रूम-किचनमध्ये कुणी मावशी, कुणी काकू चार-सहा मुले सांभाळते आणि तिच्या भरवशावर आया सकाळची लोकल पकडतात. पण ही सगळी व्यवस्था महिन्याच्या हिशेबावर उभी आहे. मूल रोजचे, पैसे आगाऊ, आई पगारदार. जिला महिन्यातून तीनच दिवस आणि तेही अचानक मूल ठेवायचे असते, तिला दारातूनच उत्तर मिळते: 'एका दिवसासाठी आम्ही घेत नाही.'

ही आई कोण? लग्नसराईत केटररकडे पोळ्या लाटणारी, बदलीवर साफसफाईला जाणारी, नाक्यावर उभी राहून बिगारी काम मिळवणारी. आजारी नवऱ्याला घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहणारी. पोटगीच्या दाव्यात तारखेला हजर राहणारी. वकिलीच्या व्यवसायात आम्ही अशा बाया सतत पाहतो. मूल कडेवर, कागदाची पिशवी हातात. मुलाला सोडायला कुणी नाही म्हणून तारीख चुकली, तर पोटगीही लांबते. म्हणजे पाळणाघर हा नोकरदार बाईच्या सोयीचा मामला नाही, तो न्याय मिळण्या-न मिळण्याचाही प्रश्न आहे.

मग ते मूल त्या दिवशी राहते कुठे? बहुतेक वेळा थोरल्या बहिणीजवळ. आई कामाला गेली की दहा वर्षांची मुलगी घरी राहते. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. या मुलीचे नाव पटावर असते, पण हजेरीत खाडे असतात. धाकट्याला सांभाळण्याची किंमत थोरलीच्या शिक्षणातून वसूल होते. ज्या समाजाने शिक्षणाच्या जोरावर मान वर केली, त्याने तरी हा व्यवहार निमूटपणे चालू देऊ नये.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईची बाजूही समजून घेतली पाहिजे. अनोळखी मूल दिवसभर रडते, त्याच्यामुळे बाकीची मुले बिथरतात. त्याला काय चालते, कोणते औषध द्यायचे, हे ठाऊक नसते. काही झाले तर दोष तिच्यावर. २०१६ साली नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि साऱ्या महाराष्ट्रातले पालक हादरले. तेव्हापासून प्रामाणिक बाईसुद्धा नव्या मुलाची जबाबदारी घेताना दहादा विचार करत असेल, तर नवल नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, एका दिवसाचे मूल जरूर घ्यावे, पण नियम बांधून घ्यावे. रोजच्या मुलांत कोंबून नव्हे, तर एक जागा त्यासाठी राखून. तासाचा आणि दिवसाचा दर भिंतीवर लिहिलेला असावा, म्हणजे गरजू आईची अडवणूक होणार नाही आणि मावशीचे कष्टही बुडणार नाहीत. आईने अगोदर एकदा मुलाला घेऊन यावे, अर्धा तास सोबत बसावे. वहीत मुलाचे नाव, वय, दोन फोन नंबर, न चालणारे पदार्थ, लसीकरणाची नोंद आणि न्यायला कोण येणार त्याचे नाव असावे. त्या नावाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती मूल देऊ नये. तापाचे मूल घेऊ नये. एवढी वही ठेवली, तर आईलाही धीर आणि मावशीलाही संरक्षण.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलू. मुलाचे वय विचारण्याआधी आडनाव विचारले जाते, डब्यात अंडे की बोंबील याची चौकशी होते. उलट वस्तीतल्या बाईने पाळणाघर काढले, तर सोसायटीतले मूल तिच्याकडे येत नाही. पाळण्यातही जात पोचवणाऱ्यांनी संविधानाचे कलम १७ एकदा वाचावे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडले होते की, आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा आणि बाईच्या श्रमातून नफा घेणारा मालकही त्यातून सुटत नाही. पुढे कायदे झाले. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आले, १९७६ च्या दुरुस्तीने तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना ते लागू झाले. २०१७ मध्ये ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर ते बंधनकारक झाले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तरतूद ठेवली. पण या प्रत्येक कायद्याला आधी एक मालक लागतो आणि एक हजेरीपट लागतो. नाक्यावरच्या बाईला दोन्ही नाहीत. २०२२ पासूनच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय सांगितली आहे. ती वस्तीपर्यंत आली पाहिजे आणि तिच्यात एका दिवसाच्या मुलालाही जागा हवी.

फ्रान्समध्ये काही तासांपुरते मूल ठेवण्याची केंद्रे आहेत आणि घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला सरकारी मान्यता घ्यावी लागते. आपल्याकडे ते अशक्य का असावे? ठाणे महानगरपालिकेने घरगुती पाळणाघरांची प्रभागवार नोंद करावी, मावशींना प्रथमोपचाराचे शिक्षण द्यावे आणि गरीब आईच्या दिवसाच्या दरातला काही भाग स्वतः भरावा. संविधानाचे कलम ४५ सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाची जबाबदारी राज्यावर टाकते. ते शोभेसाठी लिहिलेले नाही.

महापालिका हलेपर्यंत आपण हात बांधून बसायचे का? कोपरीतल्या महिला मंडळांनी आपल्या भागातल्या मावशींची यादी करावी, कुणाकडे कोणत्या दिवशी जागा रिकामी आहे ते वस्तीत कळवावे. समाजमंदिराची खोली दिवसा कुलूपबंद असेल, तर ती दोन मावशींच्या देखरेखीखाली उघडावी. ज्या दिवशी ती खोली उघडेल, त्या दिवशी कुणाची तरी थोरली मुलगी दप्तर घेऊन शाळेत जाईल.